ठसा ‘कोण’ सांगतो, ‘कसा’ नाही

एकसारख्या जुळ्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात. हे आपण शाळेत कधीतरी ऐकतो, एखाद्या क्विझमध्ये त्यावर एक गुण मिळवतो आणि विसरून जातो. विसरण्यासारखी ही गोष्ट नाही. ‘सगळं रक्तातच असतं’ म्हणणारे आणि ‘सगळा संस्कारांचा खेळ’ म्हणणारे अशा दोन पार्ट्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडत आल्या आहेत. बोटाच्या टोकावरच्या त्या इवल्याशा कातडीनं दोघांनाही उघडं पाडलंय. तरीही त्याच कातडीचा स्कॅन काढून पोरांची भविष्यं विकण्याचा धंदा शाळांमध्ये आणि हाउसिंग सोसायट्यांमध्ये जोरात चालू आहे. माझं भांडण त्या धंद्याशी आहे, आणि ज्या समजुतींच्या जिवावर तो चालतो त्यांच्याशीही.

आधी मूळ प्रश्न नीट बघू. एकसारखी जुळी म्हणजे एकाच फलित बीजांडाचे दोन भाग होऊन जन्मलेली दोन माणसं. दोघांचा डीएनए जवळजवळ तंतोतंत सारखा. इतका, की पोलीस तपासातल्या नेहमीच्या डीएनए चाचणीला दोघांमधला फरक कळत नाही. पण काचेवर उमटलेला अंगठा दोघांपैकी नेमका कोणाचा, हे सांगता येतं. जे डीएनए चाचणीला जमत नाही ते शाईच्या पॅडला जमतं. असं का?

नेहमीचं उत्तर असतं, ‘गर्भातलं वातावरण वेगळं होतं.’ एक बाळ डावीकडे होतं, एक उजवीकडे. एकाला नाळेतून थोडं जास्त मिळालं, दुसऱ्याला कमी. एकाची बोटं गर्भजलात अशी हलली, दुसऱ्याची तशी. यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण हे उत्तर पुरं पडत नाही, आणि ते तपासायला तुम्ही जुळे असण्याची गरज नाही. स्वतःचे दोन अंगठे शेजारी धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघा. तोच डीएनए, तीच आई, तेच गर्भाशय, तेच नऊ महिने, तोच पोषणाचा पुरवठा. तरीही डाव्याच्या रेघा उजव्याशी जुळत नाहीत. म्हणून तर एका अंगठ्यानं उघडणारा फोन दुसऱ्यानं उघडत नाही, तो वेगळा नोंदवावा लागतो. जुळ्यांचा हा प्रयोग आपल्या प्रत्येकाच्या हातावर होऊन गेलेला आहे.

मग आत घडतं काय? गर्भाच्या बोटांच्या टोकांवर आधी उशीसारखे फुगवटे येतात. साधारण तिसऱ्या महिन्यात हे फुगवटे ओसरायला लागतात आणि त्याच सुमारास कातडीच्या आतल्या थरात रेघा पडू लागतात. फुगवटा उंच असताना रेघा पडल्या तर भोवरा होण्याची शक्यता जास्त. आपण त्यालाच चक्र म्हणतो. ओसरत असताना पडल्या तर फास, म्हणजे आपला शंख. जवळपास बसून गेल्यावर पडल्या तर साधी कमान. फुगवटा किती मोठा आणि तो केव्हा ओसरणार, यावर जनुकांचा चांगलाच ताबा असतो. म्हणून जुळ्यांच्या ठशांची ढोबळ ठेवण बरीच मिळतीजुळती असते. दहाही बोटांवरच्या रेघांची एकूण संख्या तर माणसाच्या सर्वांत जास्त आनुवंशिक गुणांमध्ये गणली जाते. इथवरचा विजय मी ‘रक्तात असतं’वाल्यांना देऊन टाकते.

त्यांची गाडी अडते ती पुढे. ॲलन ट्युरिंग हे नाव तुम्हाला कॉम्प्युटरमुळे माहीत असेल. त्यानं १९५२ मध्ये एक निबंध लिहिला होता. एक रसायन ‘इथे उठ’ म्हणतं आणि दुसरं त्याला आवर घालतं. दोन्ही वेगवेगळ्या वेगानं पसरत गेली, की त्यांच्या रस्सीखेचीतून आपोआप ठिपके आणि पट्टे तयार होऊ शकतात, असं त्याचं म्हणणं होतं. एडिनबरा विद्यापीठातल्या डेनिस हेडन यांच्या गटानं २०२३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की बोटांवरच्या रेघा याच रीतीनं उमटतात. त्या तीन ठिकाणांहून लाटेसारख्या निघतात: फुगवट्याच्या मध्यापासून, नखाच्या बाजूनं आणि पेराच्या घडीकडून. पसरत पसरत त्या एकमेकींना भिडतात आणि बोट भरून जातं.

शेतातल्या सरी-वरंब्याची कल्पना करा. एकाच शेतात तीन गडी तीन बाजूंनी सऱ्या पाडत निघालेत. जिथे तिघांच्या सऱ्या एकमेकींना भिडतील तिथे सगळं सरळ जुळणार नाही. एखादी सरी मध्येच तुटेल, एखादीला फाटा फुटेल, दोन सऱ्यांच्या मध्ये एक आखूडशी घुसेल. तेच शेत, तेच गडी, तीच अवजारं घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तर सऱ्यांची एकूण दिशा तशीच राहील, दोन सऱ्यांमधलं अंतरही तेच राहील. पण कुठली सरी कुठे तुटली आणि फाटा कुठे फुटला, हे पुन्हा तसंच येणार नाही. ठसे ओळखणारे तज्ज्ञ नेमके हे फाटे आणि तुटलेली टोकं मोजतात. शेताचा आकार जनुकांनी ठरवला होता. फाटा कुठे फुटेल हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. एखाद्या पेशीत एखादं रसायन किंचित आधी पोचलं, शेजारच्या पेशीत किंचित उशिरा, एवढ्यावरून ते घडलं.

हे ‘कोणीच ठरवलेलं नव्हतं’ आपल्याला पचत नाही. आपल्याला कर्ता लागतो. विज्ञानाला मात्र ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत आहे. सुअल राइट या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञानं १९२० मध्ये गिनीपिगांच्या अंगावरच्या पांढऱ्या-रंगीत डागांचा हिशोब मांडला होता. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच जुगवल्यामुळे जवळपास एकसारखी जनुकं असलेला कळप त्यानं घेतला. तरी प्रत्येकाचे डाग वेगळे! त्या फरकाचा बहुतेक सगळा वाटा ना आनुवंशिकतेच्या खात्यात जमा होत होता, ना पिल्लांना मिळालेल्या सामाईक परिस्थितीच्या. तो होता वाढ होताना घडणाऱ्या बारीकसारीक अनियमितपणाचा. रक्त आणि संस्कार यांच्या जोडीला एक तिसरा खेळाडू आहे आणि त्याचं नाव योगायोग, हे तिथे आकड्यांत दिसलं होतं.

आता धंद्याकडे येऊ. त्याचं नाव डीएमआयटी. लांब नाव डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट. दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता कुठल्या प्रकारची, मेंदूची डावी बाजू जोरात की उजवी, त्यानं ऐकून शिकावं की बघून, आणि पुढे जाऊन काय व्हावं, हे सगळं रंगीत आलेखांसकट छापून द्यायचं. किंमत काही हजार रुपये.

माझ्या बहिणीला जुळ्या मुली आहेत, एकसारख्या. दोघींच्या वयात सात मिनिटांचं अंतर. त्या दुसरीत असताना शाळेत असा एक ‘तज्ज्ञ’ येऊन गेला आणि दोघींचे दोन जाडजूड अहवाल घरी आले. थोरली ‘तार्किक-गणिती’ निघाली, धाकटी ‘सांगीतिक’. महिनाभरात थोरलीला अबॅकसचा क्लास लागला आणि धाकटीला गाण्याचा. धाकटीला गणितात कमी गुण पडले की घरात म्हणायचे, “जाऊ दे, तिचं ते क्षेत्रच नाही.” थोरली गुणगुणायला लागली की कोणाचं लक्षही जायचं नाही. वर्षभरानं थोरली खरोखरच गणितात पुढे होती. बहीण मला म्हणाली, “बघ ताई, रिपोर्ट बरोबर होता की नाही?”

मी त्या माणसाला फोन केला होता. विचारलं, “दोघींची जनुकं एकच आहेत. मग जन्मजात बुद्धी इतकी वेगळी कशी निघाली?” तो आनंदानं म्हणाला, “मॅडम, म्हणून तर ठसे वेगळे असतात ना!” या उत्तरावर मी बराच वेळ विचार केला. ठसे वेगळे म्हणून बुद्धी वेगळी, आणि बुद्धी वेगळी म्हणून ठसे वेगळे. या वर्तुळात शिरायला कुठूनही दार नाही. धंद्याची खरी कमाल अशी की जो फरक कुठल्याच अर्थाशिवाय पडतो, तोच त्यानं अर्थ म्हणून विकायला काढला. सरीला फाटा कुठे फुटला यावरून यंदा शेतात ज्वारी चांगली येईल की हरभरा, हे सांगण्यासारखंच ते आहे.

या लोकांचा एक युक्तिवाद ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, गर्भात ठसे आणि मेंदू एकाच काळात घडतात, आणि बाहेरची कातडी व मज्जासंस्था गर्भाच्या एकाच थरापासून बनतात. खरं आहे. पण त्याच थरापासून केस, नखं आणि दातांवरचं इनॅमलही बनतं. मग पोराचं नख कापून करिअर का सांगत नाहीत? एका वेळी घडणं म्हणजे एकाचा नकाशा दुसऱ्यावर छापला जाणं नव्हे. एकाच मुहूर्तावर लागलेल्या दोन लग्नांपैकी एकाची पंगत बघून दुसऱ्याचा संसार सांगता येत नाही.

दुसरा युक्तिवाद वैद्यकाचा. ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हा शब्द खरा आहे. हॅरल्ड कमिन्स या शरीरशास्त्रज्ञानं तो १९२६ मध्ये रूढ केला. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातांवर काही खुणा जास्त वेळा आढळतात, हेही खरं. पण तिथे एक अख्खं गुणसूत्र जादा असतं आणि त्याचा परिणाम हृदयापासून हातापर्यंत सगळ्या शरीरावर होतो. तरीही डॉक्टर तळहात बघून निदान पक्कं करत नाहीत, गुणसूत्रं तपासतात. त्या टोकाच्या उदाहरणावरून निरोगी मुलांमधली एक गायिका आणि एक इंजिनिअर निवडणं म्हणजे खऱ्या नाण्याच्या शेजारी खोटं ठेवून दोन्ही चालवणं. नावातला ‘मल्टिपल इंटेलिजन्स’ हा दुसरा तुकडाही असाच उसना. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धीच्या अनेक प्रकारांचा सिद्धांत मांडला. त्या सिद्धांतावर वाद आहेत ते वेगळे, पण त्यात बोटांच्या ठशांचा काडीचा संबंध नाही. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांची संघटना, इंडियन सायकियाट्रिक सोसायटी, हिनंही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे.

आणि सगळ्यांत मोठी गंमत पुढेच आहे. ठशांवरून माणसाची कुवत कळते का, हे तपासून झालेलं आहे. तपासणारा माणूस होता फ्रान्सिस गाल्टन. चार्ल्स डार्विनचा हा भाऊबंद गुणवत्ता रक्तातून येते या कल्पनेनं झपाटलेला होता. जुळ्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचं वजन मोजायची कल्पना त्यानं १८७५ मध्ये मांडली. ‘युजेनिक्स’, म्हणजे चांगल्या वाणाची माणसं पैदा करण्याचं तथाकथित शास्त्र, हा शब्दही १८८३ मध्ये त्यानंच घडवला. ठशांत वंश आणि बुद्धी दिसावी, अशी इच्छा त्याच्याइतकी कोणाला असणार? त्यानं इंग्रज, वेल्श, ज्यू, बास्क, आफ्रिकी वंशाचे लोक यांचे ठसे गोळा केले. विज्ञानाचे विद्यार्थी, कलेचे विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंदांच्या आश्रमातली माणसं यांचेही घेतले. सगळे ताडून बघितले आणि १८९२ मध्ये ‘फिंगर प्रिंट्स’ या पुस्तकात मान्य केलं, की स्वभाव, कुवत किंवा वंश सांगणारी कुठलीही खूण त्यांत सापडत नाही. ज्याला हे उत्तर सगळ्यांत जास्त नकोसं होतं, त्यानंच ते लिहून ठेवलं. आपल्या शाळांतल्या स्कॅनरवाल्यांचं दुकान त्यांच्या जन्माच्या आधीच बंद झालं होतं.

ठसा कशाच्या कामाचा आहे, हे आपल्याच देशात कळलं. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. नंतर करार नाकारता येऊ नये, एवढाच हेतू. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं सरकारी कार्यालय सुरू झालं. ज्या वर्गीकरणाला पुढे एडवर्ड हेन्री या साहेबाचं नाव मिळालं, त्यामागचं बरंच डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस कर्मचाऱ्यांचं होतं. त्यांनी लाखो ठसे लावून ठेवता येतील अशी पद्धत बसवली. त्या पद्धतीत प्रश्न एकच: हा माणूस कोण? कसा आहे, हा रकाना त्यात नव्हता. कारण ठसा उपयोगी पडतो तोच मुळी त्याच्यात काही अर्थ नसल्यामुळे. त्यातून हुशारी, जात, स्वभाव कळत असता, तर त्या जातीची आणि त्या स्वभावाची माणसं सारखे ठसे घेऊन फिरली असती आणि ओळख पटवायचं काम बोंबललं असतं.

आता दोन्ही पार्ट्यांचा हिशोब. ‘खाण तशी माती’ आणि ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ या म्हणी आपल्याकडे फक्त कौतुकासाठी वापरल्या जात नाहीत. कोणाच्या पोरानं काय व्हावं आणि कोणाच्या पोरानं काय होऊ नये, हे ठरवायलाही त्या वापरल्या गेल्या. ज्यांच्या वाटेला शाळा आली नाही त्यांना ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवणारेही हेच. गाल्टनच्या कागदांवर शेतमजुराचा अंगठा आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा अंगठा शेजारी शेजारी होते आणि त्यालाही त्यांच्यात डावं-उजवं करता आलं नाही, हे या मंडळींना ऐकवायला हवं.

दुसरी पार्टी दिसायला गोड. गर्भसंस्काराचे वर्ग, गर्भसंस्काराची ॲप्स. आईनं काय ऐकलं, काय खाल्लं, कुठले विचार केले, त्यावर मूल घडतं म्हणे. गरोदर बाईनं चांगलं खावं, तिला शांतता मिळावी, यावर कोणाचंच दुमत नाही. पण सगळंच घडवता येतं असं एकदा मानलं, की मूल तिरळं निघालं, उशिरा बोललं, अभ्यासात मागे पडलं, तर बोट कोणाकडे जातं? आईकडेच. ज्या आईच्या पोटात तिच्याच बाळाचे डावा आणि उजवा अंगठा सारखे निपजत नाहीत, तिला आपण विचारतो, ‘तू नेमकं काय चुकलीस?’ तिनं काही चुकवलेलं नाही. काही गोष्टींना कर्ता नसतो.

‘म्हणजे सगळं नशिबावर सोडायचं का?’ असं कोणी विचारेल. नशीब आणि योगायोग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नशीब म्हणजे सटवाईनं पाचवीच्या रात्री कपाळावर लिहून ठेवलेलं; ते आधीच ठरलेलं, आपण फक्त वाचायचं. योगायोग म्हणजे कोणीच काही लिहिलेलं नाही. जे लिहिलेलंच नाही ते वाचून दाखवायचे पैसे कोणी घेत असेल तर तो फसवतोय. डीएमआयटीवाला हा स्कॅनर घेतलेली सटवाई आहे. जुनी सटवाई निदान पावती फाडत नव्हती, आणि तिनं काय लिहिलंय ते आईबापांना वाचता येत नव्हतं. त्यामुळे पोराला वाढवताना त्यांचे हात मोकळे होते.

‘करमणूक म्हणून केलं तर बिघडलं कुठे?’ असंही म्हणतात. सात वर्षांच्या मुलीला गणितातून माफी मिळते, तिथे बिघडतं. अहवाल खरा ठरला कारण घरानं तो खरा करून दाखवला. थोरलीनं वर्षभर रोज अबॅकस केला आणि धाकटीनं केला नाही. दोघींमध्ये जो फरक पडला तो क्लासनं पाडला, आणि त्याचं श्रेय बोटांना गेलं. अशी वर्षं एका मुलीची गेली तरी वाईट. इथे शाळाच दारं उघडून वर्गच्या वर्ग त्यांच्या पुढ्यात बसवतात.

हाताची पाचही बोटं सारखी नसतात, ही म्हण आपण कोणाची तरी समजूत घालायला वापरतो. ती दहाही बोटांना लागू आहे आणि अगदी शब्दशः खरी आहे. पण कुठलं बोट हुशार, हे त्या म्हणीतही कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्या शाळेत, कॉलेजात, सोसायटीत हा माणूस स्कॅनर घेऊन आला, तर त्याला फक्त डावा आणि उजवा अंगठा दाखवा आणि दोन्ही वेगळे का, ते विचारा. उत्तरात ‘मेंदूचे भाग’ आले, तर मग पाठीवरचे तीळ कुठल्या भागाचे, तेही विचारा. धाकटी भावंडं, भाचरं असतील तर त्यांच्या पालकसभेत हा विषय काढा. मुख्याध्यापकांकडे लेखी मागा, की ही चाचणी कुठल्या आधारावर शाळेत येऊ दिली. आणि पैसे भरून झाले असतील तर परत मागा.